कानात कापूस घालून दिलेला होकार

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे, तेव्हा नमस्कार जरा वाकडा झाला असेल, सांभाळून घे.) तुझा गुडघा कसा आहे? मागे तू आली होतीस तेव्हा एक्स-रेवर काढलेला त्याचा फोटो मी अजून कपाटात जपून ठेवला आहे आणि कधीमधी दिव्यावर धरून बघतो. फोटो अप्रतिम आला आहे, गुडघा तेवढा अप्रतिम नाही, तेव्हा उगाच जिने चढत बसू नकोस. भावोजींचं कानाचं यंत्र नीट चालतंय ना? त्यांचं ते मोठ्यानं बोलणं कमी झालं का? (हे मी सहज विचारत नाही. कारण पुढे येईलच.) आम्ही सगळे इथे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी ठीक नाही. गेल्या काही दिवसांत मला असे धक्के बसले आहेत की एक पचायच्या आत दुसरा दारात हजर. शेवटी आमच्या छातीच्या डॉक्टरांना मी विचारलं की माझ्याच छातीचा एक फोटो काढून बघू का. ते म्हणाले, धक्का फोटोत येत नाही.

तू मध्यंतरी इतके फोन केलेस आणि मी एकूण एक कापले, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुझ्यावर राग नव्हता. फुटबॉलची मोठी स्पर्धा चालू असताना मी कुणाचाच फोन घेत नाही हे तुला माहीत आहे. तू फक्त तब्येत विचारणार हे मला कळतं, पण तुझ्या मागे टीव्ही चालू असणार, नाहीतर भावोजी पलीकडून काहीतरी ओरडणार, आणि माझी सगळी मेहनत पाण्यात जाणार. म्हणून हे पत्र. पत्राला तोंड नसतं, त्यामुळे ते उलटून स्कोअर सांगत नाही. तर आता खाली बस. मला ही बातमी कळली तेव्हा मी उभा होतो आणि तोंडात टूथब्रश होता, आणि दोन्ही गोष्टींचा मला पश्चात्ताप झाला.

तुझ्या भाचीचं लग्न ठरलं आहे. येत्या रविवारी, दुपारी चार वाजता. मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे. तिच्या वडिलांनी, म्हणजे मी, मोठ्या आनंदानं होकार दिला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, तारीख मान्य केली आणि वेळही मान्य केली. हे सगळं मी केलं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं.

हे असं कसं होऊ शकतं, असं तू म्हणशील. सगळ्याचं मूळ तू आहेस, हे आधी लिहून टाकतो म्हणजे माझं मन हलकं होईल. लहानपणी उरलेल्या लोकरीचा तू मला एक हिरवा स्वेटर विणला होतास, ज्याच्या बाह्या माझ्या गुडघ्यापर्यंत येत होत्या. (मापं तुला तेव्हाही घेता येत नव्हती.) तो घालून मी शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला गेलो, तर समोर फुटबॉल चालू होता आणि एका बाजूची माणसं नेमकी हिरव्या कपड्यांत पळत होती. शेजाऱ्यांची सगळी पोरं पिवळ्यांच्या बाजूची. मला बघून सगळी हसायला लागली, आणि अगदी शेवटच्या क्षणाला हिरव्यांनी गोल मारला. त्या दिवसापासून मी हिरव्यांचा झालो तो झालोच. त्या देशात मी कधी गेलो नाही, जाणारही नाही, तिथली भाषा मला येत नाही, नकाशात तो देश मला अजून पटकन सापडत नाही. पण त्यांचा गोलरक्षक लंगडायला लागला की माझा पाय दुखतो. तू लोकर निळी घेतली असतीस तर आज मी वेगळा माणूस असतो.

आता अडचण अशी की त्यांचे सामने नेमके माझ्या कामाच्या वेळात असतात. मी इकडे लोकांची हाडं बघत असतो तेव्हा तिकडे हिरवे धावत असतात. रजा मागून पाहिली, पण हॉस्पिटलात फुटबॉल हा आजार धरत नाहीत. तेव्हा सामना घरच्या टीव्हीच्या डब्यात रेकॉर्ड करायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन अगदी आत्ता चालू असल्यासारखा बघायचा, ही माझी रीत. त्यासाठी एकच गोष्ट लागते. घरी पोचेपर्यंत निकाल कानावर पडता कामा नये आणि डोळ्यांनाही दिसता कामा नये. तू म्हणशील त्यात काय एवढं. ताई, साऱ्या जगाला जे ठाऊक आहे ते एकट्यानं ठाऊक करून न घेणं हे फार कष्टाचं काम आहे. मी फोन घेत नाही, पेपर उलटा ठेवतो, कानात कापूस घालतो (हॉस्पिटलात कापसाला तोटा नाही), आणि रस्त्यानं मान खाली घालून चालतो. तुझी भावजय ग्रंथालयात काम करते, तिथली एक जुनी "शांतता राखा" अशी पाटी तिनं मला आणून दिली आहे, ती स्पर्धेच्या दिवसांत आमच्या दाराला असते. एकदा घरमालक भाडं मागायला आले आणि पाटी वाचून परत गेले, एवढा तिचा दरारा.

आणि या सगळ्यावर आमचं झाकण. पोरीला झाकण हे नाव भावोजींनीच ठेवलं, आठवतं का? दोन वेण्या घालत होती तेव्हापासून सामन्याच्या दिवशी ती मला न्यायला हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. माझा हात धरायची आणि मला मागच्या बोळातून न्यायची, कारण पुढच्या रस्त्यावर टीव्हीचं दुकान आहे आणि त्यापुढे केस कापायचं दुकान, जिथे कात्रीपेक्षा तोंडं जास्त चालतात. कुणी ओळखीचा समोरून हसत येताना दिसला की ती मोठमोठ्यानं सतराचा पाढा म्हणायला लागायची. (त्या बोळातल्या लोकांना सतराचा पाढा अजून पाठ आहे.) घरी आलं की माझ्या शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, गोल हुकला की माझ्याआधी किंचाळायची, गोल झाला की माझ्या गळ्यात पडायची. मोठी झाली, शिकली, आता आमच्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर लोकांच्या अवघडलेल्या माना आणि खांदे मोकळे करते, तरी हा नेम चुकला नाही. जगात माझा एका माणसावर पूर्ण भरवसा असेल तर तो झाकणावर.

बाकी माझी एक्स-रेची खोली ही स्पर्धेच्या काळात जगातली सर्वात सुरक्षित जागा. भिंतींत शिसं आहे, खिडकी नाही, फोन लागत नाही, दारावरचा लाल दिवा पेटला की कुणी आत येत नाही. धोका फक्त पेशंटचा. हात मोडून आलेला माणूससुद्धा आधी स्कोअर सांगतो, मग हात दाखवतो. पण त्यावर माझ्याकडे इलाज आहे. त्यानं तोंड उघडलं रे उघडलं की मी जरबेनं सांगतो, "श्वास रोखा, हलू नका." माणसं इतकी घाबरतात की पायाच्या अंगठ्याचा फोटो असला तरी श्वास रोखून धरतात.

तर उपान्त्यपूर्व सामन्याच्या दिवशी माझ्या खोलीत एक गृहस्थ आले. खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायची डॉक्टरांची चिठ्ठी होती. बाजारात किल्ल्या बनवायचं, कुलपं उघडायचं त्यांचं दुकान आहे, ते मी ओळखलं, कारण माझंच कपाट त्यांनी एकदा उघडून दिलं होतं. गळ्यात मफलर होता, तोही पिवळा. ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि म्हणाले, एक आनंदाची बातमी आहे. ताई, तिकडे सामना चालू असताना आनंदाची बातमी म्हणजे दुसरं काय असणार? मी त्यांना उभं केलं, छाती टेकवायला लावली आणि हनुवटी वर धरायला सांगितली. हनुवटी पुरेशी वर गेली की माणसाला धड बोलता येत नाही, ही आमच्या विद्येतली मोठी सोय आहे. ते तशातही काहीतरी पुटपुटायला लागले. मी श्वास रोखायला लावला. सोडला की पुन्हा पुटपुटणं, की पुन्हा हनुवटी वर. बिचारे खोकत खोकत लालबुंद झाले. शेवटी फोटो निघाला, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि भुवया उंचावून नुसतंच प्रश्नार्थक बघितलं. ते निघून जावेत म्हणून मी जोरजोरात मान हलवली. त्यांनी मला मिठीच मारली. अंगात शिशाचा एप्रन होता म्हणून ती मला नीट जाणवली नाही. फोटो काढायला आलेला माणूस फोटोवाल्याला मिठी मारून गेला याचं मला नवल वाटलं, पण फुप्फुसं स्वच्छ होती, म्हणून वाटलं त्याचाच आनंद झाला असेल.

संध्याकाळी घरी गेलो तर बैठकीच्या खोलीत चष्म्याच्या दुकानातला मुलगा खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. माझा चष्मा मोडला होता आणि त्याच्याच दुकानात दुरुस्तीला दिला होता, त्यामुळे तो त्यासाठीच आला असणार हे मी ताबडतोब ताडलं. (ताडण्याच्या बाबतीत मी लहानपणापासून हुशार आहे, हे तू नेहमी म्हणायचीस. कोणत्या सुरात म्हणायचीस ते आता लक्षात येतंय.) माझ्या दोन्ही कानांत कापूस गच्च भरलेला. चष्मा नाही म्हणून समोरच्यांचे ओठही नीट दिसेनात. मुलाचं तोंड हललं, पोरीचं तोंड हललं, तुझ्या भावजयीचंही हललं, आणि सगळी माझ्याकडे बघत बसली. मला घाई सामना लावायची. मी म्हणालो, मान्य आहे, सगळं मान्य आहे. पोरीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि रविवारवर बोट ठेवलं. मी म्हणालो, चालेल. तिनं चार बोटं दाखवली. मी म्हणालो, उत्तम. चष्मा रविवारी चार वाजता मिळणार, यात न चालण्यासारखं काय होतं? मला काही घाई नाही, असंही मी म्हणालो म्हणे, आणि त्यावर तो मुलगा लाजून म्हणाला की त्याला थोडी आहे. मग मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण तो दाराच्या आणि माझ्या मध्ये उभा होता आणि त्याला हळूच बाजूला करायचं होतं. तो गेला, मी खुर्ची टीव्हीला भिडवून सामना लावला, हिरवे जिंकले. पोरगी शेजारी बसून सामना संपेपर्यंत डोळे पुसत होती. मला वाटलं, हिच्यासारखी फुटबॉलवेडी पोर शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानांत कापूस नव्हता. मी दात घासत असताना तुझी भावजय म्हणाली, खुर्च्या किती सांगायच्या? मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, लग्नाला. मी विचारलं, कुणाच्या? तिनं माझ्याकडे असं बघितलं की तसं तिनं मी हॉस्पिटलचा शिशाचा एप्रन घालून बाजारात गेलो होतो तेव्हाच बघितलं होतं. मग तिनं सगळं सांगितलं, नोंदणीची नोटीस पोरांनी महिन्यापूर्वीच दिली होती आणि मिळेल ती वेळ घ्यावी लागली, तेही. तोंडातला ब्रश पडला. मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे, पण ग्रंथालयात काम करणारी बाई सकाळी सकाळी थट्टा करत नाही. म्हणजे ज्यांना मी लालबुंद होईपर्यंत श्वास रोखायला लावला ते माझे व्याही, आणि ज्याला मी दारातून बाजूला सारला तो माझा जावई. त्याची मान अवघडली म्हणून तो पोरीकडे वरच्या मजल्यावर यायचा. मान केव्हाच बरी झाली, तरी त्याचं येणं चालूच होतं. सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. मी तळमजल्यावर शिशाच्या भिंतींत.

इथवर मी सहन केलं. मुलगा चांगला आहे, व्यसन नाही, चष्म्याच्या काड्या नीट बसवतो. पण दुसरा धक्का त्याच दिवशी दुपारी बसला. त्याच्या दुकानात मी मुद्दाम डोकावलो (सामना नव्हता त्या दिवशी, म्हणून पुढच्या रस्त्यानं जाता आलं), तर गल्ल्याच्या मागे भिंतीवर हा एवढा मोठा पिवळा झेंडा! ताई, मुलगा पिवळ्यांचा आहे. बाप पिवळ्यांचा, मुलगा पिवळ्यांचा, आजोबाही पिवळ्यांचे होते असं त्यानं मला अभिमानानं सांगितलं. तो मफलर थंडीसाठी नव्हता. मी गल्ल्याला धरून उभा राहिलो. त्यानं मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि डोळे तपासायला घेतले. समोरच्या फळ्यावरची अक्षरं मला पिवळी दिसत होती. आपल्या घरात आजवर भांडखोर माणसं आली, आळशी आली, तुझ्या मोठ्या दिरासारखं जेवून ताटावरच झोपणारं माणूसही नात्यात आलं, पण पिवळं कुणी आलं नव्हतं.

तिसरा धक्का मी स्वतःच स्वतःला दिला, घरी येऊन स्पर्धेचं वेळापत्रक बघितलं तेव्हा. अंतिम सामना रविवारी. दुपारी चार वाजता. माझी सुट्टी असते त्या दिवशी! म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हिरव्यांचा अंतिम सामना मी कापूस न घालता, मान ताठ ठेवून, घडत असताना बघू शकलो असतो. आणि त्याच वेळी मी सभागृहात नोंदणी अधिकाऱ्यासमोर सही करत बसणार, एका पिवळ्याच्या कागदावर. माझे डोळे पांढरे झाले.

मी तडक पोरीच्या खोलीत गेलो. तारीख बदल, एवढंच म्हणायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आधीच तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही काही न विचारता हो म्हणालात ना, मला इतकं रडू आलं. मला वाटलं होतं तुम्ही घर डोक्यावर घ्याल." आता मला ऐकूच आलं नव्हतं, असं कसं सांगू? मी काहीतरी इकडचं तिकडचं बोललो, की आता सामने बघताना शेजारी कोण बसणार, निकाल माहीत नसलेली दोन माणसं असली की बरं असतं. तेव्हा ती हसायला लागली. म्हणाली, मला निकाल माहीत नसायचा असं तुम्हाला वाटतं? मी सगळे सामने आधी बघूनच तुम्हाला न्यायला यायचे, नाहीतर कोण काय बोलून बसेल ते मला आधी कळणार कसं? ताई, मी पलंगावर बसलो. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्या शेजारी बसून हरलेले सामने हरणार हे माहीत असताना माझ्याबरोबर आशेनं बघत होती. गोल हुकणार हे ठाऊक असताना माझ्याआधी किंचाळत होती. मला या मुलीचं कौतुक वाटलं, भीती वाटली आणि रडूही आलं, आणि तारखेचा विषय मी काढला नाही. लग्न रविवारीच होणार. मला ऐकू आलं नव्हतं हे तिला मरेपर्यंत कळता कामा नये. तुलाही हे सांगतो आहे ते केवळ कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही म्हणून.

काल उपान्त्य सामना झाला. कुणाशी असेल असं तुला वाटतं? हिरवे आणि पिवळे! मी तो अजून बघितलेला नाही, कारण काल संध्याकाळी व्याह्यांकडे जेवण होतं आणि पोरीनं मला दवाखान्यातून परस्पर तिकडेच नेलं. पण आमचे लोक या वेळी ज्या तडफेनं खेळत आहेत ते बघता पिवळ्यांना त्यांनी धूळ चारली असणार यात मला तिळमात्र शंका नाही. खरं सांगतो, मला त्या घरात शिरताना संकोच वाटत होता. बिचाऱ्यांचा संघ नुकताच हरलेला, आणि त्याच दिवशी विजयी पक्षाचा माणूस जेवायला. मी कानात कापूस ठेवूनच जेवलो, पण जेवण झाल्यावर जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, मन लहान करू नका, हार-जीत चालायचीच. बाप-लेकानं एकमेकांकडे बघितलं. जावई माझ्या नजरेला नजर देईना. व्याही तर हात जोडून काहीतरी बोलले, मी एका कानातला कापूस किंचित सैल केला तर ऐकू आलं, की आमच्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर मनावर घेऊ नका. केवढी खानदानी माणसं! हरल्यावर इतकं नम्र होणं मला कधी जमलं नाही. माझं पिवळ्यांबद्दलचं मत कालपासून जरा बदललं आहे.

आणि मुलीच्या बापाला लोक इतकं जपतात हेही मला नवीनच. आज सकाळपासून हॉस्पिटलात जो तो माझ्याशी हळुवार वागतो आहे. कॅन्टीनवाल्यानं न मागता चहा आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. हाडांचे डॉक्टर, जे कधी नमस्कार घेत नाहीत, ते खांद्यावर थोपटून गेले. झाडणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "होतं असं साहेब, जिवाला लावून घेऊ नका." मी म्हणालो, मावशी, एक ना एक दिवस हे व्हायचंच होतं. त्यांनी पदर डोळ्याला लावला. मुलगी सासरी जाणार म्हणजे काय, हे या लोकांना किती कळतं! मला भरून आलं. आज संध्याकाळी सामना लावणार आहे. पोरगी म्हणाली, मी लवकर येते, माझ्याशिवाय लावू नका.

तर तू आणि भावोजी शनिवारीच या. सभागृह लहान आहे, खुर्च्या बऱ्या आहेत, जिना नाही. पोरांना माझे आशीर्वाद, तुला आणि भावोजींना पुन्हा नमस्कार, आणि माझी ही अवस्था वाचून हसू आलं तर भावोजींना कारण सांगू नकोस, ते मोठ्यानं सांगत सुटतील.

धक्क्यातून न सावरलेला, तुझा
धाकटा

ता. क. : रविवारी तू सभागृहाच्या दारातच खुर्ची टाकून बस. गुडघ्याचं निमित्त आहेच. कुणी आत येताना फोनकडे बघून हसत असेल, किंवा रडत असेल, तर त्याला माझ्यापर्यंत पोचू देऊ नकोस. सतराचा पाढा आत्तापासून घोकायला घे. भावोजींना कानाचं यंत्र न लावता आण. मी रात्रीपर्यंत कुणाकडूनही निकाल न ऐकता घरी पोचलो पाहिजे, अंतिम सामना तेव्हा बघेन.

ता. क. दुसरा : तो हिरवा स्वेटर तुझ्या ट्रंकेत असेल तर घेऊन ये. अंगात यायचा नाही हे मला कळतं, आता बाह्या कोपराशीच थांबतील. घडी करून कोटाच्या आत ठेवीन.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच खरं तर हे सगळं लिहिलं : लग्नानंतर थोडे दिवस आमच्याकडे राहशील का? शेजारची ती खुर्ची रिकामी बघायची माझी तयारी नाही. तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी चालेल. नुसती बस.

ता. क. चौथा : पत्र हॉस्पिटलच्या एक्स-रेच्या तपकिरी पाकिटात घालतो आहे. ते चिकटत नाही, पण काळजी नको, टपालात टाकायला झाकणाकडे देतो आहे. उघडायचं नाही असं तिला बजावलं आहे.

आत्या,

मी झाकण. पत्र वाचलं. बाबांकडे जाणारं आणि बाबांकडून येणारं सगळं आधी तपासायची सवय इतक्या वर्षांत लागली आहे, ती आज कशी सुटणार?

तुझी युक्ती अगदी लागू पडली. तू म्हणाली होतीस ना, कापूस असताना विचार, उघड्या कानांनी तो पिवळ्याला जन्मात हो म्हणायचा नाही. मी मात्र कापूस आहे हे बघून घेऊनच विचारलं, तरी ते मान्य आहे म्हणाले तेव्हा मला खरंच रडू आलं. त्यांना वाटतं मला माहीत नाही. तसंच वाटू दे.

आता दुसरं. काल आपले हिरवे हरले, आत्या. चार गोल खाल्ले. रविवारी अंतिम सामन्यात पिवळे आहेत, त्यामुळे सभागृहात कानात कापूस नवरदेवाच्या असणार आहे, आणि तो कसा घालायचा ते त्यानं बाबांनाच विचारायचं ठरवलं आहे. बाबा रविवारी चार वाजता अगदी मोकळे आहेत, फक्त हे त्यांना अजून माहीत नाही. सगळं हॉस्पिटल कालपासून मी सांभाळलं आहे. त्या मावशींना मी तीनदा बजावलं होतं तरी त्या बोललेल्याच दिसतात. कालचं जेवण तर निकाल लागताच मीच मुद्दाम काल ठेवायला लावलं, म्हणजे त्यांना आणखी एक दिवस आनंदात मिळाला.

तू राहायला ये. स्वेटर आण. पाढा मी तुला शिकवते.

आता घरी निघाले आहे. ते सामना लावायला बसतील आणि मी शेजारी बसेन. पहिला गोल आपलाच आहे, आत्या, फार सुंदर गोल आहे. बाबा उठून नाचतील, मीही नाचेन. पुढचं मग बघू.